नव्या पिकअपची फॅक्टरी ऑर्डर लांबली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नवी पिकअप बुक करून वाट बघत बसलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, कटकटीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. राज्य आणि डीलर बदलला की बारीकसारीक नियम बदलतात, म्हणून तुमची सही असलेला कागद जवळ ठेवूनच वाचा.

१. फॅक्टरी ऑर्डर म्हणजे नक्की काय? डीलरकडे उभा असलेला ट्रक घेण्यापेक्षा त्यात वेगळं काय?

डीलरच्या आवारात उभे असलेले ट्रक डीलरने स्वतःच्या अंदाजाने मागवलेले असतात. फॅक्टरी ऑर्डरमध्ये कॅब, बेडची (मागच्या माल ठेवायच्या भागाची) लांबी, इंजिन, रंग, टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीचा संच) हे सगळं तुम्ही ठरवता आणि डीलर ती ऑर्डर तुमच्या नावाने कंपनीच्या सिस्टीममध्ये टाकतो. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फोर्ड, शेव्हरोले, जीएमसी, रॅम यांच्या बाबतीत तुमचा व्यवहार डीलरशी असतो, कंपनीशी नाही. कंपनी ट्रक डीलरला विकते आणि डीलर तुम्हाला. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

२. साधारण किती दिवस धरून चालायचं?

सगळं सुरळीत असेल आणि ट्रक नेहमीच्या मागणीतला असेल तर दोन ते तीन महिने. नवं मॉडेल, हायब्रिड, हेवी ड्यूटी किंवा फार मागणी असलेलं ट्रिम, म्हणजे मॉडेलमधली श्रेणी, असेल तर सहा महिनेही लागतात. २०२१-२२ मध्ये वर्षभर थांबलेले लोक होते. डीलरने सही घेताना सांगितलेले 'आठ आठवडे' हा विक्रेत्याचा अंदाज असतो. त्यावर जुनी गाडी विकून बसू नका.

३. मी कंपनीच्या वेबसाइटवर शंभर डॉलर भरले. म्हणजे माझी ऑर्डर लागली ना?

बहुधा नाही. ते आरक्षण आहे, म्हणजे पुढे ऑर्डर देण्याची संधी मिळावी म्हणून नाव नोंदवणं. ऑर्डर तेव्हाच लागते जेव्हा डीलर ती सिस्टीममध्ये टाकतो आणि तुम्हाला ऑर्डर क्रमांक मिळतो. टेस्ला आणि रिव्हियनमध्ये डीलर नसतो, पण तिथेही आरक्षण आणि पक्की ऑर्डर या दोन पायऱ्या वेगळ्याच आहेत. टेस्लाच्या सायबरट्रकसाठी नोव्हेंबर २०१९ पासून लोकांनी शंभर डॉलर भरून ठेवले, आणि पहिले ट्रक ग्राहकांच्या हातात पडले ३० नोव्हेंबर २०२३ ला. आरक्षणाने किंमतही बांधली जात नाही; त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

४. माझ्यानंतर दोन महिन्यांनी ऑर्डर दिलेल्या मित्राला ट्रक मिळालासुद्धा. माझा नंबर कुणी कापला?

बहुतेक वेळा कुणीच नाही, कारण ही रांग नसतेच. सगळ्यात जास्त मनस्ताप याच गैरसमजाने होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑर्डर उत्पादनाच्या वेळापत्रकात बसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली गोष्ट अ‍ॅलोकेशन, म्हणजे त्या डीलरला त्या काळासाठी त्या मॉडेलचे किती ट्रक मिळणार याचा कोटा. हा कोटा मुख्यतः डीलरच्या विक्रीवर ठरतो. महिन्याला ढिगाने ट्रक विकणाऱ्या डीलरला मोठा वाटा मिळतो, आणि छोट्या गावातल्या डीलरला त्या मॉडेलचा एखाद-दुसरा मिळतो किंवा मिळतही नाही. तुमच्या डीलरकडे तुमच्या आधीच दहा ऑर्डर पडून असतील आणि कोटा दोनचा असेल, तर तुमची तारीख किती जुनी आहे याला अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट सुटे भाग. तुमच्या ट्रकमधलं एक जरी ऑप्शन तुटवड्यात असेल तर पूर्ण ऑर्डर थांबते. मित्राने तेच मॉडेल सनरूफशिवाय घेतलं असेल तर त्याचा ट्रक पुढे निघून जातो.

तिसरी गोष्ट कारखान्याचं मिश्रण. त्या आठवड्यात किती क्रू कॅब, किती डिझेल, किती हायब्रिड बनवायचे हे कारखाना ठरवतो. फोर्डच्या मॅव्हरिक पिकअपच्या हायब्रिडचंच बघा. २०२२ मॉडेलच्या ऑर्डरी घेणं फोर्डने जानेवारी २०२२ च्या अखेरीस थांबवलं होतं, आणि २०२३ साठी सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा खिडकी उघडली तेव्हा हायब्रिडचा वाटा आठवड्याभरात संपला. त्याच काळात पेट्रोल टर्बो इंजिनवाल्यांना ट्रक बरेच लवकर मिळत होते.

याशिवाय डीलर आपल्या ऑर्डरींना प्राधान्यक्रम देऊ शकतो, आणि तुमच्या बाबतीत काही खटकण्यासारखं झालंच असेल तर ते इथे झालेलं असतं. काही डीलर ग्राहकाच्या ऑर्डरीआधी स्वतःच्या आवारासाठीची ऑर्डर लावतात. ते शोधायचं कसं, ते पुढच्या उत्तरात.

५. डीलर दर वेळी 'कंपनीकडूनच अडकलंय' एवढंच म्हणतो. खरं काय ते कसं कळणार?

'काय झालं माझ्या ट्रकचं?' असं विचारलंत की 'येईल हो लवकरच' हेच उत्तर येणार. नेमकं विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा:

माझी ऑर्डर ग्राहकाच्या नावाने, म्हणजे रिटेल म्हणून लागली आहे की तुमच्या स्टॉकसाठी? तिचा प्राधान्य क्रमांक किती? या मॉडेलचा तुमचा सध्याचा कोटा किती आणि माझ्या आधी किती ऑर्डर आहेत? माझ्या ऑर्डरमधल्या कुठल्या ऑप्शनवर सध्या टंचाई आहे?

सोबत ऑर्डरची प्रिंट मागा. फोर्डमध्ये सिस्टीमने कुठलीही चूक न दाखवलेल्या, पण वेळापत्रकात न बसलेल्या ऑर्डरला 'क्लीन अनशेड्यूल्ड' म्हणतात. तसं असेल तर कागदपत्र ठीक आहे आणि फक्त वाट बघायची आहे. ऑर्डर 'डर्टी' असेल, म्हणजे त्यात न जुळणारी ऑप्शनं किंवा जुना कोड राहिला असेल, तर ती डीलरने दुरुस्त करेपर्यंत जागची हलत नाही. अशी ऑर्डर महिनोन् महिने पडून राहते आणि दोष कंपनीला दिला जातो.

विक्रेत्याला यातलं काहीच माहीत नसेल तर रागावू नका. ऑर्डर टाकणारा माणूस बऱ्याचदा वेगळा असतो. ऑर्डरिंग मॅनेजर कोण, ते विचारून थेट त्यांच्याशी बोला.

६. स्टेटसमध्ये आकडे आणि अक्षरं दिसतात. त्यांचा अर्थ काय?

जीएममध्ये, म्हणजे शेव्हरोले आणि जीएमसीच्या मूळ कंपनीत, चार आकडी कोड असतो. ११०० म्हणजे ऑर्डर डीलरने टाकली आहे, जीएमने अजून घेतलेली नाही. २००० म्हणजे जीएमने स्वीकारली. ३००० म्हणजे उत्पादन नियंत्रणाकडे गेली, ३३०० म्हणजे वेळापत्रकात बसली, ३८०० म्हणजे ट्रक बनला, ४२०० म्हणजे रवाना झाला आणि ५००० म्हणजे डीलरकडे पोहोचला. चार महिने ११०० वरच असाल तर अडचण कारखान्यात नाही, डीलरच्या कोट्यात आहे.

रॅममध्ये वाहन ऑर्डर क्रमांकावर, म्हणजे व्हीओएनवर माग काढतात. तिथे डी१ दिसलं की ऑर्डर पक्क्या वेळापत्रकात आली. पुढे एफ म्हणजे रंगकाम, आणि केझेड म्हणजे प्लांटने ट्रक सोडला. फोर्डचं ट्रॅकिंग पान ऑर्डर, उत्पादन, तयार, रवाना, पोहोचला अशा पायऱ्या दाखवतं. ही पानं मागे पडतात आणि कधी कधी चक्क उलटी जातात. डीलरच्या सिस्टीममध्ये जे दिसतं ते खरं धरा.

७. व्हीआयएन मिळाला! म्हणजे ट्रक बनला ना?

नाही. व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. वेळापत्रकात बसल्यावर तो दिला जातो, ट्रक त्यानंतर बनतो. पण त्या १७ अक्षरांतून बरंच कळतं. पहिलं अक्षर देशाचं असतं: १, ४, ५ किंवा ७ अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: पी म्हणजे २०२३, आर २०२४, एस २०२५, टी २०२६. मधला क्यू गाळलेला आहे, कारण आय, ओ आणि क्यू ही अक्षरं एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून व्हीआयएनमध्ये वापरतच नाहीत. अकरावं अक्षर कारखान्याचं. हे पहिलं अक्षर कर भरताना पुन्हा उपयोगी पडतं, प्रश्न २० पाहा.

८. बनण्याची तारीख पुन्हा पुढे ढकलली. ऑर्डर रद्द होणार आहे का?

सहसा नाही. वेळापत्रकातला आठवडा हा कारखान्याचा बेत असतो, तुम्हाला दिलेलं वचन नाही. एखादा भाग वेळेत येणार नसेल तर त्या भागाचे सगळे ट्रक एकदम पुढे सरकवतात. एक-दोन आठवड्यांनी सरकणं रोजचंच. खरी काळजी करायची ती तारीख पूर्णच गायब होऊन ऑर्डर पुन्हा 'अनशेड्यूल्ड' झाली तर. तेव्हा कुठल्या भागामुळे ती बाहेर पडली हे विचारा आणि प्रश्न १२ वाचा.

९. ट्रक 'बनला' असं दाखवतंय, पण महिना झाला तरी जागचा हलला नाही. कुठे आहे तो?

बहुधा कारखान्याजवळच्या एखाद्या मोकळ्या मैदानात. ही काही अफवा नाही. २०२१ मध्ये चिप नसल्यामुळे लुइव्हिलला फोर्डच्या केंटकी ट्रक प्लांटमध्ये बनलेले सुपर ड्यूटी ट्रक केंटकी स्पीडवे या शर्यतीच्या मैदानावर रांगांनी उभे केले होते. जून २०२२ अखेर काही ना काही भाग नसलेल्या सुमारे ९५,००० गाड्या आपल्याकडे पडून असल्याचं जीएमने सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबर अखेर फोर्डकडे अशा ४० ते ४५ हजार गाड्या असतील असं फोर्डने कळवलं. त्यात काही ट्रक तर समोर लावायच्या निळ्या अंडाकृती बोधचिन्हासाठी थांबले होते. साठ हजार डॉलरचा ट्रक, आणि अडला नावाच्या पाटीवर!

चिप नसली तरच ट्रक थांबतो असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला फोर्डने नवे एफ-१५० आणि रेंजर गुणवत्ता तपासणीसाठी रोखून धरले आणि एप्रिलमध्ये दोन्ही मिळून सुमारे १,४४,००० ट्रक सोडले. वाट बघणारे चिडले होते. माझं मत वेगळं आहे: दोष कारखान्याच्या आवारात सापडलेला केव्हाही बरा, तुमच्या घरासमोर नको.

तिसरं कारण वाहतूक. लांबच्या राज्यांत ट्रक रेल्वेने जातात आणि शेवटचा टप्पा ट्रेलरवरून होतो. रेल्वेचे डबे कमी पडले की तयार माल यार्डात साचतो. ही वाट बघणं सर्वांत निरुपाय असतं. डीलरही फार काही करू शकत नाही.

चौथी शक्यता म्हणजे ट्रक डीलरकडे पोहोचलाय पण ताब्यात देत नाहीत. नव्या गाडीवर रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावण्याची सूचना, निघालेला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती ग्राहकाला देणं संघराज्याच्या कायद्याने मना आहे. तेव्हा डीलरशी वाद घालून उपयोग नाही.

१०. बातम्यांत आग लागली, संप झाला असं येतं. माझ्या ट्रकवर परिणाम होईल का, हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी पाहा: तुमचा ट्रक कुठल्या प्लांटमध्ये बनतो, आणि अडलेला भाग तुमच्या मॉडेलमध्ये आहे का.

१६ सप्टेंबर २०२५ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो इथल्या नोव्हेलिसच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात आग लागली. २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि हा कारखाना फोर्डचा मोठा पुरवठादार, त्यामुळे फटका थेट बसला. नोव्हेंबरमध्ये तिथेच पुन्हा आग लागली. मॅव्हरिकची ऑर्डर असलेल्याने मात्र त्या बातमीने घाबरायचं फारसं कारण नव्हतं. तो ट्रक मेक्सिकोत हर्मोसिलो इथे बनतो आणि त्याची बॉडी पोलादी आहे.

संपाचंही तसंच. १५ सप्टेंबर २०२३ ला यूएडब्ल्यू या वाहन कामगारांच्या संघटनेने आधी तीनच प्लांट बंद केले, पण तिन्ही ठिकाणी पिकअप बनत होत्या: वेंट्झव्हिलला कोलोराडो आणि कॅन्यन, मिशिगन असेंब्लीत रेंजर, टोलेडोत ग्लॅडिएटर. ऑक्टोबरमध्ये सुपर ड्यूटीचा केंटकी प्लांट आणि रॅम १५०० चा स्टर्लिंग हाइट्स प्लांटही थांबले. संप मिटल्यावर लगेच सुरळीत होईल असं धरू नका. थांबलेले ट्रक आणि नव्या ऑर्डरी एकदमच अंगावर येतात.

२०२१ च्या चिप टंचाईत मात्र कुणीच सुटलं नाही. फेब्रुवारीत टेक्सासच्या हिमवादळाने ऑस्टिनमधले चिप कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या नाका कारखान्याला आग लागली. अशा वेळी प्लांट बघून काही कळत नाही.

११. इथे एवढा तुटवडा आहे, तर परदेशातून पिकअप का आणत नाहीत?

१९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात शुल्क आहे. युरोपशी कोंबडीच्या मांसावरून झालेल्या भांडणातून ते लागलं, म्हणून त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. म्हणूनच जपानी आणि कोरियन कंपन्याही इथल्या पिकअप याच खंडात बनवतात. टंचाई आली की भरून काढायला बाहेरचा माल नसतो.

१२. एखादं ऑप्शन काढून टाकलं तर ट्रक लवकर मिळेल का?

अडलेलं ऑप्शन तेच असेल तर हो, आणि हा तुमच्या हातातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पण आंधळेपणाने काढू नका. डीलरकडून टंचाईची चालू यादी घ्या (प्रश्न ५), कारण ती दर काही आठवड्यांनी बदलते.

काय काढावं? जे नंतर बाहेरून बसवून घेता येतं ते: बेडलायनर, बेड कव्हर, पायदान, चटया. काय काढू नये? जे कारखान्यातच नीट बसतं ते: टो पॅकेज, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर, मोठी इंधन टाकी, फोर-व्हील ड्राइव्ह. तुम्हाला ट्रेलर ओढायचा असेल आणि घाईपायी टो पॅकेज सोडलंत, तर पुढची दहा वर्षं पस्तावाल. नुसती हुक बसवली की झालं, असं नाही. कूलिंग, वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर हे सगळं त्यात येतं.

वेळापत्रकात बसल्यानंतर बदल जवळजवळ अशक्य असतो. आधी बदल केला तरी डीलरने तीच ऑर्डर सुधारावी, रद्द करून नवी टाकू नये. नवी टाकली तर जुनी तारीख जाते आणि तिच्याबरोबर किमतीचं संरक्षणही (प्रश्न १५) जाऊ शकतं.

१३. मी पैसे मोजलेलं एक ऑप्शन न लावताच ट्रक येणार म्हणतात. घ्यावा का?

चिप टंचाईत असं सर्रास झालं. फोर्डने २०२१ च्या काही एफ-१५० ऑटो स्टार्ट-स्टॉपशिवाय दिले आणि ५० डॉलर वजा केले. जीएमने २०२१ च्या अखेरीस काही ट्रकमधून गरम होणाऱ्या सीट काढल्या आणि नंतर बसवून देण्याची सोय केली. तुम्हाला तीन गोष्टी लेखी हव्यात: किती रक्कम वजा होणार, नंतर बसवून देणार का, आणि तो खर्च कुणाचा. स्टार्ट-स्टॉप नसल्याचं दुःख फारसं कुणाला झालं नाही. बर्फाळ राज्यात गरम सीट नसणं ही वेगळी गोष्ट.

१४. मॉडेल वर्ष संपलं आणि माझी ऑर्डर बनलीच नाही. आता काय?

उरलेल्या ऑर्डरी कंपनी बहुधा पुढच्या वर्षावर नेऊ देते, पण ते आपोआप होईलच असं नाही. डीलरला नव्या वर्षाच्या कोडने ऑर्डर पुन्हा तयार करावी लागते, आणि त्याला ठरलेली मुदत असते. ती मुदत तुम्हीच विचारून ठेवा. नव्या वर्षात तुमचा रंग बंद झालेला असू शकतो, एखादं पॅकेज वरच्या ट्रिमला गेलेलं असू शकतं. जुन्या ऑर्डरची प्रिंट आणि नव्या ऑर्डरची प्रिंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा.

१५. ऑर्डर दिल्यानंतर किंमत वाढली. मला जुनी किंमत मिळेल का?

ऑर्डर रिटेल म्हणून लागली असेल आणि कंपनीने त्या वेळी किमतीचं संरक्षण जाहीर केलं असेल तर मिळू शकते. हे संरक्षण कंपनीच्या छापील किमतीचं असतं; डीलर त्यावर काय लावतो तो विषय प्रश्न १६ मध्ये. मॉडेल वर्ष बदललं की संरक्षण पुढे जाईलच असं नाही, ते वेगळं विचारा.

आरक्षणाला मात्र कसलाच आधार नसतो. फोर्डची इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लाइटनिंग २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलरपासून जाहीर झाली आणि मार्च २०२३ मध्ये तिची सुरुवात ५९,९७४ वर गेली होती. ऑगस्ट २०२२ च्या वाढीच्या वेळी पक्क्या ऑर्डरवाल्यांना फोर्डने झळ लागू दिली नाही. फक्त आरक्षण असलेल्यांना नवी किंमत पडली. सायबरट्रकची सुरुवात ३९,९०० वरून ६०,९९० झाली. उलट उदाहरणही आहे. १ मार्च २०२२ ला रिव्हियनने जुन्या ग्राहकांनाही वाढीव किंमत लावली, ओरड झाली, आणि दोन दिवसांत आधीच्या ऑर्डरींसाठी निर्णय मागे घेतला.

१६. ट्रक आला आणि डीलर छापील किमतीवर पाच हजार जास्त मागतोय. हे कायदेशीर आहे?

एमएसआरपी ही 'सुचवलेली' किंमत आहे, आणि डीलर स्वतंत्र व्यावसायिक. म्हणून जास्त मागणं आपोआप बेकायदा ठरत नाही. तुमच्या करारावर अंतिम विक्री किंमत लिहून दोघांच्या सह्या असतील तर मात्र प्रकरण वेगळं. म्हणून ऑर्डरच्या दिवशीच 'छापील किमतीवर वाढ नाही, डीलरने परस्पर बसवलेल्या वस्तू नाहीत' असं एक वाक्य लिहून घ्या. पेंट प्रोटेक्शन, टायरमधला नायट्रोजन, खिडकीवरचं कोरीवकाम याच वाटेने बिलात घुसतात.

लिहून घेतलं नसेल तर? शांतपणे नाही म्हणा आणि डिपॉझिट परत मागा. ट्रक तुमच्या नावाने आलेला असतो, पण दारात उभा राहून दुसऱ्यालाही विकता येतो. डीलर त्या जोरावरच बोलत असतो. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवा. किंमत कंपनी ठरवू शकत नाही, पण डीलरचा पुढचा कोटा तिच्याच हातात असतो.

१७. कंटाळलो. डिपॉझिट परत मिळेल का?

ते करारात काय लिहिलंय आणि तुमचं राज्य कोणतं यावर आहे. साध्या रंगातल्या, साध्या ट्रिमच्या ट्रकचं डिपॉझिट बहुतेक डीलर मुकाट परत करतात, कारण तो ट्रक लगेच विकला जातो. विचित्र जोडणीचा ट्रक असेल, उदाहरणार्थ लांब बेड आणि भडक रंग, तर ते अडून बसतात. पैसे क्रेडिट कार्डवर भरले असतील तर बँकेकडे वाद मांडता येतो, म्हणून रोख किंवा चेकने भरू नका.

'तीन दिवसांत रद्द करता येतं' हा समज सोडून द्या. एफटीसी या संघराज्याच्या व्यापार आयोगाचा तो नियम डीलरशिपमध्ये जाऊन घेतलेल्या गाडीला लागू नाही.

१८. दोन डीलरकडे ऑर्डर देऊ का? किंवा आहे ती ऑर्डर मोठ्या डीलरकडे हलवता येईल?

दोन्ही डिपॉझिट परत मिळणारी असतील तर दोन ठिकाणी देण्यात बेकायदा काही नाही. पण काही कंपन्या एका ग्राहकाच्या दोन ऑर्डरी दिसल्या की एक काढून टाकतात. हलवणं त्याहून अवघड. ऑर्डर डीलरच्या कोट्यावर लागलेली असते, त्यामुळे ती सहसा हलत नाही. मोठ्या डीलरकडे नवी द्यावी लागते आणि तारीख नव्याने सुरू होते. तरीही, तुमच्या डीलरला त्या मॉडेलचा कोटाच मिळत नसेल, तर तीनशे मैलांवरच्या मोठ्या डीलरकडची आजची ऑर्डर तुमच्या सहा महिने जुन्या ऑर्डरीआधी येऊ शकते.

१९. कर्ज मंजूर झालंय, जुन्या गाडीची किंमतही ठरली आहे. ट्रक लांबला तर?

दोन्ही शिळं होतं. कर्जाची मंजुरी साधारण एक-दोन महिने टिकते. ट्रक रवाना झाल्यावर अर्ज करा, आधी नको. जुन्या गाडीची किंमत त्याहून लवकर बदलते. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कारमॅक्सची ऑफर सात दिवसांची असते. डीलरने ऑर्डरच्या दिवशी सांगितलेली ट्रेड-इन किंमत ट्रक येईपर्यंत तीच राहील असं लिहून दिलं नसेल तर ती राहणार नाही.

सध्याची गाडी लीजवर असेल तर मुदत संपायच्या आत फायनान्स कंपनीला फोन करा. नवी गाडी ऑर्डरवर आहे म्हटलं की महिन्या-महिन्याने मुदत वाढवून मिळते, पण मैलांची मर्यादा कशी मोजणार ते विचारा.

२०. उशीर झाल्यामुळे करसवलत हुकते का?

हुकू शकते, आणि प्रत्येक सवलतीची कसोटी वेगळी आहे.

इलेक्ट्रिक पिकअप: नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची संघराज्याची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी बंद झाली. पण त्या तारखेपर्यंत बांधील लेखी करार झाला असेल आणि काही रक्कम भरली असेल, तर ट्रक नंतर ताब्यात आला तरी दावा करता येतो. कधीही परत मिळणारं नुसतं आरक्षण म्हणजे बांधील करार धरून चालू नका.

कर्जावरचं व्याज: २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज वजा करता येतं. अट अशी की गाडी स्वतःच्या वापरासाठी असावी आणि तिची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली असावी. उत्पन्न एकट्याचं एक लाख किंवा जोडप्याचं दोन लाख डॉलरच्या वर गेलं की सवलत घटत जाते. इथे पिकअपवाल्यांची खरी गंमत आहे. मॅव्हरिक, टॅकोमा आणि रॅमचे हेवी ड्यूटी ट्रक मेक्सिकोत बनतात, त्यामुळे ते बाद. सिल्व्हराडो १५०० इंडियानातल्या फोर्ट वेनमध्येही बनतो, मेक्सिकोतल्या सिलाओमध्येही आणि कॅनडातल्या ओशावामध्येही. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन सारख्या सिल्व्हराडोंपैकी एकाला सवलत मिळेल आणि दुसऱ्याला नाही. व्हीआयएन हाती आला की पहिलं अक्षर बघा.

धंद्यासाठी घेतलेला ट्रक: घसारा गाडी प्रत्यक्ष वापरात आली त्या वर्षी मिळतो, ऑर्डर दिली त्या वर्षी नाही. डिसेंबरातला ट्रक जानेवारीत आला तर वजावटही पुढच्या वर्षी गेली. करारावर २० जानेवारी २०२५ पूर्वीची सही असेल तर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळेल हे गृहीत धरू नका. सीएकडे तो करार दाखवा.

२१. टोयोटावाला म्हणतो ऑर्डर घेतो, पण ऑर्डर क्रमांक देत नाही. फसवतोय का?

फसवत नाही, त्यांची पद्धतच निराळी आहे. अमेरिकेत टोयोटा ग्राहकाच्या मापाने ट्रक बनवून देत नाही. डीलरला टॅकोमा, टंड्राचे ठरलेले ट्रक वाट्याला येतात आणि त्यातला तुमच्या पसंतीशी जवळचा ट्रक डीलर तुमच्या नावावर धरून ठेवतो. म्हणून तिथे 'माझी ऑर्डर कुठवर आली' ऐवजी 'येणाऱ्या वाटपात माझ्याशी जुळणारा ट्रक आहे का' असं विचारा. दोन-तीन रंगांची तयारी ठेवलीत तर वाट बरीच कमी होते.

२२. ट्रक नेमका मी भारतात असताना येणार. डीलर थांबेल का?

बरेच डीलर थोडेच दिवस धरून ठेवतात, कारण ट्रक आवारात उभा असेपर्यंत त्यावरचं व्याज त्यांना पडतं. जाण्याआधी परतीची तारीख ईमेलने कळवा आणि 'तोवर धरून ठेवू' असं उत्तर मिळवा. डिपॉझिट वाढवायची तयारी दाखवली तर बहुतेक तयार होतात. घरच्या माणसाला ताबा घ्यायला पाठवणार असाल तर मुखत्यारपत्र लागेल, आणि कर्ज असेल तर ते बँकेलाही चाललं पाहिजे.

२३. एकदाचा आला! ताबा घेताना काय तपासू?

आधी खिडकीवरचं स्टिकर आणि तुमची ऑर्डर ताडून पाहा. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल बघा, त्यावर बनल्याचा महिना असतो. ट्रक यार्डात महिनोन् महिने उभा राहिला असेल तर बॅटरीची चाचणी करून मागा, टायरवर एका जागी सपाट डाग पडलेत का बघा आणि ब्रेक डिस्कवर गंजाची जाड पुटं आहेत का पाहा. पातळ गंज दोन-चार मैलांत जातो. एनएचटीएसए या संघराज्याच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन टाकून रिकॉल तपासा. वॉरंटी तुमच्या ताब्याच्या तारखेपासून सुरू झाली पाहिजे, बनल्याच्या तारखेपासून नाही. कागदावर ती तारीख स्वतः वाचा. बेडमध्ये वाकून कोपरे बघा, रेल्वेतून आलेल्या ट्रकवर ओरखडे तिथेच सापडतात. हे सगळं दिवसाउजेडी करा, आणि सही त्यानंतर.